मराठीसाठी चालतं

ओवी, कबीर,

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं की आजी ऑफिसात भांडली आणि तिला घरी बसवलं. परवा फोनवर ओवीने हसत विचारलं, "आजी, यू गॉट फायर्ड?" मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही. बाबाने सांगितलेली गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. अर्धी गोष्ट चार वेळा सांगितली गेली की तीच पुरी होऊन बसते. तसं होण्याआधी उरलेली अर्धी मी लिहून ठेवते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही गेलं असतं. तरी मराठीतच लिहिते. अडेल तिथे बाबाला विचारा.

माजिवड्याला हायवेच्या कडेला एक काचेची इमारत आहे. तिच्या सहाव्या मजल्यावर आमची बैठक चालू होती. भिंतीवरच्या पडद्यावर दोन तक्ते शेजारी शेजारी लावले होते. डावीकडे इंग्रजीचा. त्यात जागोजागी लाल चौकोन. उजवीकडे मराठीचा, मी भरलेला. वरपासून खालपर्यंत हिरवागार.

निखिल उभा होता. तो आमचा प्रमुख. तिशीतला, डोंबिवलीत वाढलेला, घरी मराठीच बोलणारा. तो म्हणाला, "इंग्लिशला अजून दोन आठवडे. मराठी डन."

मी हात वर केला. सदुसष्टाव्या वर्षी, वर्गातल्या मुलीसारखा.

म्हटलं, "निखिल, इंग्रजीचं प्रत्येक उत्तर दोघी तपासतात. त्यांचं जुळलं नाही तर तिसरी बघते. मराठी मी एकटीच बघते. मलाही कुणीतरी जोडीला द्या."

"काकू, कशाला टेन्शन घेता?" तो हसला. "सगळं हिरवं तर आहे. आणि मराठी एवढं बारकाईने कोण बघणारे? मराठीसाठी चालतं."

टेबलाभोवती हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "काकूंना गप्पांना कंपनी पाहिजे." पुन्हा हशा. माझी शाळेपासूनची मैत्रीण शैला समोर बसली होती. तीही हसली.

मी हात खाली घेतला.

मराठीसाठी. धाकट्या बहिणीला मोठीचा उतरलेला फ्रॉक चालतो, तसं.

आधी ते काम काय होतं ते सांगते. तुम्ही दोघं ज्याला गृहपाठातले प्रश्न विचारता, तसलं भाषेचं मॉडेल त्या कंपनीने घेतलं होतं आणि त्यावर छोट्या दवाखान्यांसाठी फोनवर उत्तरं देणारं यंत्र बनवलं होतं. पेशंटने आपल्या भाषेत प्रश्न विचारायचा, यंत्राने त्याच भाषेत उत्तर द्यायचं. पहिल्यांदा ते दिवा स्टेशनजवळच्या दोन दवाखान्यांत सुरू व्हायचं होतं, मग डोंबिवलीत, मग कल्याणला. त्याआधी माणसांनी उत्तरं तपासून पाचपैकी गुण द्यायचे; गुण पुरे पडले तर चौकोन हिरवा, नाहीतर लाल. ज्या भाषेच्या तक्त्यावर तपासणाऱ्याची सही झाली, ती भाषा चालू. मराठीच्या तक्त्याखाली माझं नाव होतं. सही अजून व्हायची होती.

मी अर्ज इंग्रजीसाठी केला होता. हे मी तुमच्या बाबालाही सांगितलेलं नाही. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, एम.ए. इंग्रजीत केलं, आणि डोंबिवलीच्या मराठी शाळेत तीस वर्षं मी इंग्रजीच शिकवलं. मुलाखतीला शैला आणि मी नौपाड्यातून एकाच रिक्षाने गेलो. तिला इंग्रजी मिळालं. मला म्हणाले, "इंग्लिशला खूप लोक आहेत, मॅडम. मराठी नीट लिहिणारं कुणी मिळत नाही." हे कौतुक आहे असं त्यांना वाटत होतं. मी घरी आले आणि चहा न घेता पलंगावर पडून राहिले.

शैलाचा मला हेवा वाटतो. लपवत नाही. शाळेपासून वाटतो. ती माझ्या दोन बाक पुढे बसायची. तिच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र यायचं आणि वडील तिला ते मोठ्याने वाचायला लावायचे. शाळेत वक्तृत्वाच्या दोन स्पर्धा असायच्या. इंग्रजीला तीन परीक्षक, तिघांपुढे छापील कागद, उच्चाराचे गुण वेगळे, मुद्द्यांचे वेगळे. एका वर्षी त्यांनी शैलाचे इतके गुण कापले की ती मुतारीच्या भिंतीला टेकून रडली. पुढच्या वर्षी तीच पहिली आली. मराठीच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून पी.टी.चे सर बसायचे, कारण त्यांना तो तास मोकळा असायचा. मी पाठ केलेलं भाषण दहा मिनिटं बोलले. सर म्हणाले, "छान. सगळ्याच छान बोलल्या." सगळ्यांना एकसारखी कंपासपेटी मिळाली.

शैलाच्या बक्षिसाचं मला विशेष काही वाटलं नव्हतं. मला तिच्या रडण्याचा हेवा वाटला होता. तिचं कुणीतरी एवढं ऐकलं होतं, की चूक सापडली.

ऑफिसात पुन्हा तेच. इंग्रजीचं टेबल खिडकीशी. शैला आणि तिच्याबरोबरच्या तिघी-चौघी आपले प्रश्न आपणच लिहायच्या. शैलाचा गुडघा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, घोडबंदरच्या धुळीने सुटलेला खोकला. मग यंत्राचं उत्तर यायचं आणि त्या त्यावर तुटून पडायच्या.

"नाही गं, हा सल्ला अर्धाच आहे. दोन गुण काप."

"दोन? तीन काप. हे वाचून माझी सासू दवाखान्यात जाईल का सांग?"

"तुझी सासू यमाकडेसुद्धा जाणार नाही, तिचं सोड."

अर्धा अर्धा तास एका उत्तरावर. माझं टेबल पाण्याच्या कूलरशी होतं. मला प्रश्न लिहायचे नव्हते. मला तयार यायचे, परदेशी कुणीतरी लिहिलेले आणि मराठीत उलथवलेले. "घरापुढचा बर्फ उपसून माझी कंबर दुखते आहे, मी काय करू?" नौपाड्यात, मे महिन्यात. यंत्राने सांगितलं, उबदार कपडे घाला, थांबून थांबून काम करा, हलकं फावडं वापरा. मी पाचपैकी पाच दिले.

का दिले? उत्तरात एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. परिच्छेद सुबक होते. शेवटी "आपण लवकर बरे व्हाल अशी आशा आहे" असंही होतं. इंग्रजीच्या तक्त्यात सात रकाने होते. सल्ला बरोबर आहे का, धोक्याची सूचना दिली का, पुरेसं विचारलं का, असे. माझ्या तक्त्यात गुणांशेजारी एकच रकाना. वाचायला नीट वाटतं का? हो किंवा नाही. मी प्रत्येक ओळीत "हो" लिहिलं आणि शेरा दिला: भाषा शुद्ध, मांडणी नीटनेटकी.

मनातून मला आनंदही होत होता. यंत्र मराठी बोलतंय. परदेशी पाहुणा "नमस्कार, कसे आहात" म्हणाला की आपण टाळ्या वाजवतो ना, तशा मी टाळ्या वाजवत होते. रोज. आणि संध्याकाळी खिडकीशी बसलेल्या शैलाचा लाल तक्ता बघून जळत होते. दोन्ही एकाच वेळी.

आता हिराबाईची गोष्ट.

हिराबाई दिव्याची. तिथल्या जुन्या कोळीवाड्यातली. आता तिच्या घराभोवती चारी बाजूंनी सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि नळाला पाणी नाही. बुधवारी आणि शुक्रवारी ती टोपली घेऊन आमच्या जिन्यात येते. तुम्ही लहान असताना तिने तुम्हाला जिवंत खेकडा दाखवला होता आणि कबीर पळून बेसिनखाली बसला होता, ती. मला ती मास्तरीनबाय म्हणते. तिच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, गोडचं गोर.

त्या बैठकीनंतरच्या बुधवारी ती आली तेव्हा माझ्या हातात ऑफिसचा फोन होता. त्यात ते यंत्र तपासायला दिलेलं होतं.

"बोंबील घे गो, मास्तरीनबाय. उद्या मी येत नाय, संकष्टी हाय." उद्या गुरुवार. तशीही ती गुरुवारी येत नाही, पण सांगायची तिला सवय.

"उपास धरतेस अजून? साखर निघाली ना तुझी?"

"म्हनून काय देवाला सोरू? चंद्र निघतपरत पानी सोरून काय घेत नाय मी." मग तिने फोनकडे बोट दाखवलं. "ह्योच ना तुझा बोलका डाक्टर? इचार त्याला, सकालची साखरंची गोली घेऊ का नको."

मी उत्साहाने फोन तिच्या तोंडापुढे धरला. ती तिच्या बोलीत बोलली. यंत्राला ते कळलं, हे सांगायला हवं. त्याने लिहिलं, आणि मी वाचून दाखवलं. संकष्टी चतुर्थीचा उपवास अत्यंत पवित्र मानला जातो. उपवासाच्या काळात मन प्रसन्न ठेवावे. आपली औषधे नेहमीप्रमाणे ठरलेल्या वेळी घ्यावीत. भरपूर पाणी प्यावे. आपला उपवास सुफळ संपूर्ण होवो.

"कवरा गोर बोलतंय गो!" हिराबाई खूश झाली. "म्हनजे घेऊ ना गोली?"

"घे की," मी म्हटलं. "बघ, किती शुद्ध लिहिलंय."

हे मी म्हटलं. मीच. तारीख घालून ठेवावं असं हे वाक्य आहे.

मग मला काय वाटलं, तर शैलाच्या बाजूला हाच प्रश्न गेला असता तर काय आलं असतं ते बघावं. काळजी म्हणून नाही. जळून. त्यांचं उत्तर आपल्यापेक्षा वाईट निघालं तर उद्या तिला दाखवता येईल, एवढाच विचार. मी तोच प्रश्न इंग्रजीत टाइप केला. साखर आहे, दिवसभर उपास आहे, सकाळची गोळी घेऊ का?

इंग्रजीत उत्तर आलं. आधी त्याने उलट विचारलं, गोळी कोणती? मग लिहिलं की काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उपास ताबडतोब मोडा, साखर तोंडात टाका आणि एकटं राहू नका.

मी ते मराठी करून हिराबाईला सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला.

हिराबाईने टोपलीवरचा ओला फडका सारखा केला. बराच वेळ केला.

"मागचे संकष्टीला मी दिव्याच्या फलाटावर परली," ती म्हणाली. "घाम सुटलेला. हात असा कापत व्हता. पोरी बोलल्या, ऊन लागला. मी बी बोलली, ऊन लागला."

"गोळी घेतली होतीस सकाळी?"

"नेमान घेतंय मी गोली. डाक्टर बोललाय, चुकवायची नाय."

तिने पुन्हा फोनकडे बोट केलं.

"मास्तरीनबाय, यो एकच हाय ना? दोन मानसा नाय ना आत?"

"एकच आहे."

"मग तुमच्या इंग्रजीत डाक्टर, न आमच्यापाशी बुवा झाला?"

ती उठली, टोपली डोक्यावर घेतली. जिन्यात वळून म्हणाली, "दवाखान्यात इचारून गोली घेईन मी. तुझ्या बुवाला सांग, देव मी बघतंय माझा."

तुमच्या इंग्रजीत, ती म्हणाली. आमच्यापाशी. मला तिने शैलाच्या टेबलावर नेऊन बसवलं. आयुष्यभर जिथे बसायचं होतं तिथे. मला वर बघवेना.

दार लावून मी माझा हिरवा तक्ता उघडला. त्यात एक ओळ होतीच. "दुपारचं जेवण चुकलं तर मी मधुमेहाची गोळी घ्यावी का?" यंत्राचं उत्तर: औषधे ठरलेल्या वेळी घ्यावीत, संतुलित आहार ठेवावा, शुभेच्छा. पुढे माझे पाच गुण. शेरा: भाषा शुद्ध, मांडणी नीटनेटकी.

हे यंत्राने केलं नव्हतं. कंपनीने तर रकानाच दिला नव्हता, मान्य. पण पाच हा आकडा माझा होता. दिव्यात हिराबाईच्या हातात हे यंत्र गेलं असतं तर माझ्या सहीने गेलं असतं.

तेव्हा मला डोंबिवलीची एक विद्यार्थिनी आठवली. दहावीला इंग्रजीत कशीबशी काठावर होती. माझा रिवाजच होता, शाळेच्या पेपरात मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजीत ग्रेस द्यायचा. एवढं लिहिलं हेच खूप, म्हणायचं आणि चार-पाच गुण वाढवून टाकायचे. आम्ही सगळ्याच शिक्षिका तसं करायचो. प्रेमाने करायचो. खूप वर्षांनी ती मुलगी मला फडके रोडला भेटली. म्हणाली, "बाई, तुम्ही मला नेहमी पास केलंत. आईने तुम्हाला पेढे दिले होते, आठवतं? पण मुलाखतीत मला एक वाक्य जुळवता आलं नाही. तुम्ही मला एकदा तरी नापास करायला हवं होतंत." मी तेव्हा तिला कृतघ्न समजले होते. दोन दिवस रागावले होते.

यंत्राला मी तोच ग्रेस दिला होता. मराठीत एवढं लिहिलं हेच खूप. निखिल जे तोंडाने बोलला ते मी दोन महिने रोज पेनाने लिहीत होते. मराठीसाठी चालतं. त्याने फक्त मोठ्याने म्हटलं, म्हणून मला अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मी शैलाच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "तुमची तपासणीची नियमावली दे."

"तुला कशाला? तुझं तर झालंय."

"पुन्हा करणार आहे. तुमच्या रकान्यांनी."

शैलाने चष्म्यावरून बघितलं. "अगं वेडी आहेस का? आमच्या रकान्यांनी तुझं सगळं लाल होईल."

"होऊ दे."

"तुला काय, माझ्याशी बरोबरी करायची आहे का अजून?"

मी म्हटलं, "हो." ते खरंच होतं. तिने नियमावली दिली. मला वाटलं होतं ती हसेल. हसली नाही.

नऊ दिवस लागले. बर्फाचे आणि तसले प्रश्न मी बाजूला काढले आणि त्या जागी आपले घातले. उपासाचे. पाणी साठवलेल्या पिंपातल्या डासांचे. घरी माणसं जेवल्याशिवाय स्वतः न जेवणाऱ्या बाईच्या अशक्तपणाचे. तेच प्रश्न इंग्रजीतही विचारले. दोन्ही उत्तरं समोरासमोर ठेवली आणि दोन्हींना एकच फूटपट्टी लावली. जिथे मराठी उत्तर खरोखर चांगलं होतं तिथे पाच दिले. होती तशीही, लहान मुलांच्या तापावरची तर इंग्रजीइतकीच नेमकी. पण औषधं, उपास, गरोदरपण इथे यंत्र मराठीत सल्ला द्यायचं सोडून आशीर्वाद देत होतं. तक्ता लाल होत गेला. प्रत्येक लाल चौकोनापुढे मी कारण लिहिलं. "भाषा शुद्ध" हा शेरा मी एकदाही लिहिला नाही.

सही करायच्या दिवशी तीच काचेची खोली. तेच सगळे. निखिलने पडद्यावर माझा नवा तक्ता लावला आणि डोकं धरलं.

"काकू, हे काय केलंत?"

"तपासलं."

"क्लायंटला काय सांगू मी? हिंदी हिरवं, गुजराती हिरवं, तमिळ हिरवं, बंगाली हिरवं. इंग्लिश सोडलं तर एकटं मराठी लाल! आपणच आपल्या भाषेला बदनाम करायचं का?"

"बाकीच्या भाषा तपासणाऱ्या बायकांनाही विचार, त्यांनी किती ग्रेस दिलाय. त्यांच्या तक्त्यात किती रकाने आहेत तेही बघ."

"काकू, मॉडेलच मराठीत कमी शिकलंय. त्याचा काय दोष? त्या मानाने किती छान बोलतंय."

"त्या मानाने चक्कर कमी येते का रे?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

मी विचारलं, "तुझ्या आईला शुगर आहे?"

"आहे. का?"

"ती संकष्टी करते?"

त्याने मान डोलावली.

"दवाखान्याच्या यंत्राला ती कुठल्या भाषेत विचारेल, निखिल?"

त्याने पडद्याकडे बघितलं. इंग्रजीचं आणि मराठीचं उत्तर शेजारी शेजारी होतं. त्याने दोन्ही वाचली. तो वाचत होता हे मला दिसलं. आणि मग तो म्हणाला, हळू आवाजात, "काकू, तारीख ठरली आहे हो. आत्ता सही करा. सुधारणा पुढच्या वेळी करू. प्लीज."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. पेनाचं टोपणही काढून दिलं.

मी इंग्रजी टेबलाकडे बघितलं. त्यांचा तक्ता अजून लाल होता आणि त्यांना आणखी दोन आठवडे मिळाले होते, कुणी त्यांना इंग्रजीला बदनाम करता म्हणालं नव्हतं. मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही. मत्सर. इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटला चूक दुरुस्त होईपर्यंत थांबायची मुभा आहे, आणि हिराबाईला नाही. मला शैलाची जागा नको होती आता. मला ते दोन आठवडे हवे होते. ते सात रकाने. ती दुसरी तपासणारी, ती तिसरी. तो लाल रंग, ज्याचा अर्थ कुणीतरी नीट वाचलं.

मी म्हटलं, आणि हे जसंच्या तसं लिहिते आहे, "मराठीसाठी म्हणून एक गुणही मी देणार नाही. इंग्रजीत नापास ते मराठीत नापास. मी सही करत नाही."

पेनाला टोपण लावून मी ते परत दिलं.

दुसऱ्या सकाळी निखिलचा निरोप आला, उद्यापासून यायची गरज नाही, धन्यवाद काकू. बाबाने सांगितलं ते एवढंच.

आता तुम्ही विचाराल, मग पुढे काय झालं. दिव्याच्या दवाखान्यांत यंत्र सुरू झालं, इंग्रजीत आणि हिंदीत. इंग्रजीचं चांगलं चालतं म्हणे. मराठीचं बटण तिथे आहे, पण दाबलं तर उघडत नाही. शैला परवा घरी आली होती. पोहे खाता खाता म्हणाली, "तुझ्या हट्टामुळे मराठी बायकांना काहीच मिळालं नाही. अर्धंमुर्धं तरी मिळालं असतं." तिचं म्हणणं मला रोज टोचतं. हिराबाईला हिंदी बेताचं येतं आणि इंग्रजी मुळीच नाही. ती अजून दवाखान्यात जाऊन दोन तास बाकावर बसते आणि डॉक्टरांना तोंडाने विचारते. त्या डॉक्टरांनी तिची गोळी बदलून दिली. उपासाच्या दिवशी काय करायचं तेही सांगितलं. हे यंत्राशिवाय झालं. त्याचं श्रेय मी घेत नाही.

पण एक मी घेते. चुकीच्या उत्तराखाली माझी सही नाही.

तुम्ही तिकडे मोठे होता आहात. तुम्हाला जगातलं सगळं चांगलं इंग्रजीत मिळेल आणि ते तपासलेलं असेल. मला तुमचाही हेवा वाटतो, बाळांनो. राग मानू नका. माझ्या वयाच्या बाईने नातवंडांचा हेवा करू नये, पण वाटतो. कुणी तुम्हाला सांगितलं की आजीची भाषा आता यंत्रालाही छान येते, तर छान म्हणजे किती, ते विचारा. कुणी तपासलं आणि किती जणींनी, ते विचारा. प्रश्न आपल्या घरातले होते की बर्फाचे, ते विचारा.

मी आता शुक्रवारी हिराबाईबरोबर दिव्याला जाते. तिच्या ओट्यावर बायका जमतात. पाण्याचा टँकर येईपर्यंत त्यांना वेळ असतो. त्या दवाखान्यात जे विचारायला लाजतात ते मला विचारतात आणि मी त्यांच्या शब्दांत उतरवून घेते. पहिल्या दिवशी एकीने विचारलं, "हे लिवून काय करनार?" हिराबाई म्हणाली, "बुवाचा पेपर काढतंय मास्तरीनबाय." त्या हसल्या. मी लिहीत राहिले. नौपाड्यातल्या दोन निवृत्त नर्स दर प्रश्नाचं बरोबर उत्तर काय असायला हवं ते लिहून देतात, दोघी वेगवेगळ्या, एकमेकींचं न बघता. जुळलं नाही तर डॉक्टरांकडे जातो. उद्या कुणीही मराठी येणारं यंत्र घेऊन आलं, निखिल आला तरी, त्याने आधी हा पेपर सोडवायचा. मी तपासणार. ग्रेस नाही.

वहीत आज एकशे बारा प्रश्न आहेत.